गड मोजणारी बोटं

रविवारी रात्री साताऱ्यात राजवाड्यापाशी आमचा कट्टा जमला, तेव्हा चौघं महाराजांवरचा नवा सिनेमा बघून आलो होतो. पाचवे आबा. ते मुद्दाम गेले नव्हते. "घरी बसून निवांत बघीन. थेटरात नुसता गलका," एवढंच ते म्हणाले आणि पप्या भडकला.

"गलका? आबा, खानाच्या भेटीला अख्खं थेटर उभं होतं. मागनं एकानं 'छत्रपती शिवाजी महाराज की' म्हटलं आणि छत हादरलं. माझ्या अंगावर काटा आला. घरच्या टीव्हीसमोर येईल का तो?"

"काटा आला, पण ऐकू काय आलं?" वैशाली म्हणाली. ती शाळेत इतिहास शिकवते, शुक्रवारी वर्गातल्या मुलांना घेऊन गेली होती. "शनिवारी पोरांना विचारलं. वाघनखं सगळ्यांना आठवत होती. पण खानाला वाईऐवजी जावळीच्या रानात का बोलावलं, प्रतापगडाखाली फौज कुठं दडवली होती, हे एकालाही सांगता येईना. पडद्यावर तेच चाललं होतं आणि सगळं घोषणांत बुडालं."

मी पप्याची बाजू घेतली. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासानं महाराजांच्या काळातच रचला. तो काय लोकांनी हाताची घडी घालून ऐकला असेल? डफावर थाप पडली, झीलकऱ्यांनी 'जी जी' धरली की समोरचा माणूस उसळणारच. ही आपली साडेतीनशे वर्षांची सवय आहे, ती थेटराच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवता येत नाही.

आबांनी मान डोलावली, पण सोडलं नाही. "बरोबर आहे. पण शाहीर थांबतो. लोकांचा जल्लोष ओसरू देतो, मग पुढचा चौक घेतो. पडदा कुणासाठी थांबतो?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सलीम इतका वेळ गप्प होता. "सिद्दी इब्राहिमचं नाव ऐकलं का कुणी?" त्यानं विचारलं. महाराजांबरोबर भेटीला जे दहा अंगरक्षक गेले, त्यांत जिवा महाला, संभाजी कावजी यांच्या बरोबरीनं सिद्दी इब्राहिमही होता. "सिनेमात दहाही नावं घेतली. माझा मुलगा शेजारी होता. त्याला ते नाव ऐकवायचं म्हणून मी त्याला खास घेऊन गेलो होतो. आणि नेमकं त्याच वेळी मीच ओरडत होतो. माझ्याच आवाजात ते नाव गेलं. येताना गाडीवर त्याला सांगितलं, पण पडद्यावरनं ऐकणं वेगळं."

पप्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात वाद झाला नाही. आमच्या खेळाला एका बसलेल्या पोराला दोघा-तिघांनी "उठ की" म्हणून दटावलं. ते चूकच. राज्याभिषेकाच्या वेळी माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी न बोलता पायातल्या चपला काढून सीटखाली सारल्या. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

मला खरं बोलायचं होतं ते पुरंदरच्या प्रसंगाबद्दल. ११ जून १६६५. मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत तह होतो. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना, महाराजांकडं बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. सिनेमात कारकून एकेक गडाचं नाव वाचतो आणि महाराज खाली बघत ऐकतात, एवढाच प्रसंग. थेटर गप्प. काहीजण मोबाईल काढून बसले, दोघं पॉपकॉर्न आणायला उठले. माझ्या डाव्या हाताला सत्तरीचे एक आजोबा होते, धोतर, टोपी. ते अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर गड मोजत होते. पुरंदर, एक पेर. कोंढाणा, दुसरं. एका हाताची पेरं संपल्यावर त्यांनी दुसरा हात पुढं घेतला. खानाच्या भेटीला त्यांनी घोषणा दिली होती की नाही, माझं लक्ष नव्हतं. पण त्या हातावरनं मला नजर काढता आली नाही.

"माझ्या मते अख्ख्या खेळातली सगळ्यात मोठी दाद ती होती," मी म्हणालो. राज्य उभं करणारा माणूस एका बैठकीत त्यातलं एवढं देऊन टाकतो, मग आग्र्याहून जिवानिशी सुटून येतो आणि १६७० उजाडताच परत घ्यायला लागतो. फेब्रुवारीत सिंहगड, मार्चमध्ये पुरंदर. हे देणं कळल्याशिवाय तानाजीचं मरण कसं कळेल?

"पण त्याला शिट्टी कशी मारणार?" पप्याचा प्रश्न प्रामाणिक होता.

"नकोच मारू," वैशाली म्हणाली. "पण सिनेमा काढणारा बघत असतो, लोक कुठं उसळतात ते. पुढच्या वेळी तेवढंच काढतो. म्हणून प्रत्येक सिनेमात वाघनखं येतात आणि चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र येत नाही. रयतेचं धान्य, गवत, भाजी ओरबाडाल तर लोक म्हणतील, मोगल आले त्यापेक्षा तुम्ही वाईट. दिवा उघडा ठेवाल तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताची गंजी पेटेल. लढाया जिंकणारा राजा उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो! मला तो राजा पडद्यावर बघायचाय."

आबा कट्ट्यावरनं खाली उतरले. "ते तेवीस कुठले रे? सांगा बघू."

आम्ही मोजायला लागलो. पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, रोहिडा. मग लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना एका दमात. पप्या म्हणाला राजगड, तर वैशालीनं तिथंच अडवलं, राजगड महाराजांकडंच राहिला होता. "आपला अजिंक्यतारा?" "तो तेव्हा आदिलशाहीत. महाराजांनी १६७३ ला घेतला." माहुली, कर्नाळा, प्रबळगड, कोहोज, मानगड. सोनगड सलीमला आठवला. चौदावर गाडी अडली.

चहावाल्यानं स्टोव्ह बंद करून भांडी आवरायला घेतली होती. आबा अजून अंगठा पेरावर धरून उभे होते. "उरलेले नऊ उद्या," ते म्हणाले, "आणि तिकीट काढताना माझंही एक काढा."