‘फॉर्म भरला की झालं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर उन्हाळा जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, पण वर ‘जाणकारांकडून’ असा शिक्का असतो. मतलब असा: कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) म्हणजे कुठेच ॲडमिशन न मिळालेल्यांची सोय, तिथे फॉर्म भरला की झालं, आदल्या रात्री भरला तरी चालतो, पहिलं वर्ष शाळेचंच गणित परत शिकण्यात जातं, पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर आधी केलेल्या कोर्सचे निम्मे क्रेडिट पाण्यात, कौन्सेलरला काही कळत नाही, त्यापेक्षा ओळखीतल्या सीनियरचं वेळापत्रक उचला, आणि एच-फोर व्हिसावाल्यांनी (नोकरीच्या एच-वन व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदार-मुलांनी) तर नादच सोडावा, कारण परदेशी विद्यार्थ्यांची फी लागते.

मी बोलतेय ते फक्त कॅलिफोर्नियाबद्दल. न्यू जर्सी-टेक्सासचे नियम वेगळे, तिकडच्यांनी इथले आकडे उचलू नयेत.

‘कुठेच ॲडमिशन न मिळालेल्यांची सोय.’ इथल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांना निवड करायची मुभाच नाही. हायस्कूल पूर्ण केलेला कोणीही येऊ शकतो, हा कायदा आहे. त्यामुळे शेजारच्या बाकावर रात्रपाळी करून आलेला नर्सिंगचा विद्यार्थी असतो आणि यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) पत्र हातात असूनही पैशाचा विचार करून आलेला मुलगाही असतो. पैशाचा हिशोब सोपा आहे. राज्यातल्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला (कोर्स मोजायच्या मापाला) ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटचे २,७६० डॉलर. यूसीची एका वर्षाची ट्यूशन याच्या चौपटीहून जास्त आहे. पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या, पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलांना बरीच कॉलेजं पहिली दोन वर्षं ही फीसुद्धा माफ करतात. यूसीत मधूनच येणाऱ्यांपैकी बहुसंख्य कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून आलेले असतात आणि त्यांच्या हाती पडणारी पदवी यूसीचीच असते.

एक गोष्ट मात्र मेसेज लिहिणाऱ्याने टोचून सांगितली असती तर मी मान डोलावली असती. दोन वर्षांत ट्रान्सफर होऊ, म्हणजे युनिव्हर्सिटीत जाऊ, म्हणणाऱ्यांपैकी खरोखर दोन वर्षांत होणारे थोडेच असतात. पण ते मुलं ‘ढ’ असतात म्हणून नव्हे. कारण पुढच्या दाव्यांमध्येच दडलंय.

‘आदल्या रात्री फॉर्म भरला तरी चालतो.’ फॉर्म भरता येतो, हे खरं. ‘सीसीसी अप्लाय’च्या साइटवर खातं उघडायचं, रहिवासाचे प्रश्न सोडवायचे, की अर्ज गेला. पण गेली काही वर्षं आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या विद्यार्थ्यांच्या नावाने ढिगाने अर्ज येतात, म्हणून कॉलेजं ओळख पडताळतात. तुमच्या मुलाचा सच्चा अर्जही त्या चाळणीत अडकू शकतो. अडकला तर विद्यार्थी क्रमांक यायला दिवस जातात, आणि क्रमांकाशिवाय पुढचं एकही पान उघडत नाही.

क्रमांक मिळाल्यावर ओरिएंटेशन, मग एज्युकेशन प्लॅन (कोणते कोर्स कधी, याचा आराखडा), मग रजिस्ट्रेशनची तारीख. ही तारीख सगळ्यांना एकच नसते. माजी सैनिक, फॉस्टर केअरमधली मुलं आणि अपंग विद्यार्थी आधी, मग ओरिएंटेशन आणि प्लॅन पूर्ण केलेले, मग उरलेले. ऑगस्टच्या मध्यावर जागा बघायला गेलात तर कॅल्क्युलसच्या सकाळच्या वर्गांसमोर ‘वेटलिस्ट’ दिसणार. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावं लागतं, जागा झाली तर शिक्षक ॲड कोड (नाव घालण्याचा क्रमांक) देतात. नोंदणी झालेला विद्यार्थी पहिल्याच तासाला गैरहजर राहिला तर शिक्षक त्याचं नाव काढू शकतात. भारतातून परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती प्रीरिक्विझिटवर, म्हणजे कोर्सआधीच्या अटीवर. मुलाला शाळेतल्या कॉलेज-पातळीच्या एपी कॅल्क्युलस परीक्षेत ५ पैकी ५ मिळालेत म्हणून तो थेट पुढच्या कोर्सवर क्लिक करतो आणि स्क्रीन सांगते, अट पूर्ण नाही. कारण तो स्कोअर कॉलेजकडे पोचलेलाच नसतो. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर तो कोर्स आहे, म्हणून कॉलेजला आपोआप कळेल असं नसतं. स्कोअर रीतसर पाठवायचा, क्लिअरन्सचा फॉर्म भरायचा, मग कॉलेजातलं कोणीतरी ते तपासून कुलूप काढतं. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची मार्कशीट असेल तर ती आधी मान्यताप्राप्त मूल्यांकन संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, त्यात आठवडे जातात. प्रवेश सगळ्यांना आहे, पण हव्या त्या वर्गात जागा सगळ्यांना नाही.

‘पहिलं वर्ष शाळेचंच गणित.’ जुनी गोष्ट झाली. एबी ७०५ हा कायदा २०१७ साली झाला आणि २०१९च्या फॉल (शरद) सत्रापासून पूर्णपणे लागू झाला. तेव्हापासून प्लेसमेंट (कोणत्या पातळीपासून सुरुवात करायची ते) शाळेतल्या कोर्सेसवर आणि ग्रेडवर ठरते. ती जुनी परीक्षा, जिच्यात नापास होऊन मुलं वर्षभर ट्रान्सफरला न धरलं जाणारं बीजगणित करत बसायची, ती गेली.

‘निम्मे क्रेडिट पाण्यात.’ हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली अहवाल काढला होता. २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट गेले, असं त्यात होतं. पण ती देशभरातल्या सगळ्या प्रकारच्या कॉलेजांची सरासरी आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांतून सरकारी कॉलेजांत जाणाऱ्यांचे ९४ टक्के क्रेडिट बुडाले होते, तेही त्याच सरासरीत धरलेत. सरकारी ते सरकारी बदलातही ३७ टक्के गेले, हा आकडाही लहान नाही, हे मान्य. पण का गेले, ते मेसेज सांगत नाही.

कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाची सरकारी साइट आहे, खात्याशिवाय उघडते. आपलं कॉलेज, जायची युनिव्हर्सिटी, मेजर (मुख्य विषय) आणि वर्ष निवडायचं. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स येतो, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा. कधी उजवीकडे दोन कोर्स असतात आणि मधे ‘अँड’, म्हणजे दोन्ही केल्याशिवाय एकही धरला जात नाही. कधी तिथे काहीच नसतं: तो कोर्स या कॉलेजात मिळतच नाही, दुसरीकडे करा. एकाच मेजरसाठी एक कॅम्पस लिनियर अल्जिब्रा मागतो, दुसरा फिजिक्सचे सगळे भाग. तीन युनिव्हर्सिटींच्या तीन याद्या शेजारी ठेवल्या की कोणते कोर्स सगळीकडे चालतात आणि कोणता एकीकडेच, ते अर्ध्या तासात दिसतं. बहुतेक खासगी आणि राज्याबाहेरच्या युनिव्हर्सिटी असिस्टवर नाहीत, त्यांची माहिती त्यांच्याकडेच बघायची.

आपल्याकडची मुलं हमखास जिथे फसतात ती जागा म्हणजे क्वार्टर आणि सेमिस्टर, म्हणजे वर्षाचे तीन छोटे भाग की दोन मोठे. कूपर्टिनोचं डी आन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल क्वार्टरवर चालतात; फ्रीमॉंटचं ओलोनी आणि सँटा क्लाराचं मिशन सेमिस्टरवर. डी आन्झाला कॅल्क्युलस मॅथ १ए ते १डी असं चार क्वार्टरांत विभागलेलं आहे, सेमिस्टरच्या कॉलेजात तेच तीन कोर्समध्ये. पहिले दोन भाग डी आन्झाला करून ‘घराजवळ बरं पडतं’ म्हणून उरलेलं ओलोनीला करायला गेलं की सांधा जुळत नाही. काही विषय दोनदा होतात, काही राहून जातात, आणि युनिव्हर्सिटी मालिका अपुरी धरू शकते. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवावी. क्रेडिट इथे बुडतात.

हमीबद्दलही एक घोळ आहे. २०१०च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची असोसिएट डिग्री घेतली तर कॅल स्टेटमध्ये (राज्याच्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत) जागा नक्की, पण अमुकच कॅम्पसवर नाही. यूसीची ‘टॅग’ नावाची हमी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसपुरती. बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. फॉलच्या प्रवेशासाठी टॅगचा अर्ज एकाच कॅम्पसला आणि फक्त सप्टेंबरात करता येतो. कम्प्युटर सायन्ससारखी मेजर काही कॅम्पसनी टॅगमधून वगळलेली आहेत. ‘दोन वर्षं इथे कर, मग बर्कली पक्कं’ हे वाक्य मी लग्नाच्या जेवणावळीतही ऐकलंय. असं पक्कं काही नसतं.

‘कौन्सेलरला काही कळत नाही.’ कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत कौन्सेलर हे प्राध्यापकवर्गातलेच असतात आणि त्या कामासाठी मास्टर्स लागते. एकेका कौन्सेलरमागे विद्यार्थी शेकड्याने, हे खरं दुखणं आहे. ऑगस्टमध्ये ड्रॉप-इनच्या रांगेत उभं राहिलात तर काही मिनिटांत उरकतात, कारण मागे वीस जण असतात. तिथे ‘मी काय घेऊ?’ असं विचारलं की एका सत्राची कामचलाऊ यादी मिळते आणि मग मुलं घरी येऊन सांगतात, कौन्सेलरला काही कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चमध्ये अपॉइंटमेंट घ्या. हातात असिस्टच्या याद्यांचे प्रिंट, एपीचे स्कोअर, आधी दुसरीकडे कुठे कोर्स केले असतील तर त्यांची ट्रान्सक्रिप्ट. आणि मागा कॉम्प्रिहेन्सिव्ह एज्युकेशन प्लॅन, म्हणजे ट्रान्सफरपर्यंतच्या प्रत्येक सत्राचा आराखडा. कौन्सेलरने एखादी गोष्ट सांगितली आणि असिस्टवर वेगळं दिसलं, तर तिथल्या तिथे दाखवा. चांगला कौन्सेलर रागावत नाही.

सीनियरचं वेळापत्रक उचलण्यात तर आणखी एक गोम आहे. २०२५च्या फॉलपासून नव्याने येणाऱ्यांना सामान्य शिक्षणाचा (मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांचा) ‘कॅल-गेट्सी’ हा साचा लागू झाला. त्याआधी आलेले सलग शिकत असतील तर जुन्या ‘आयगेट्सी’वर पूर्ण करू शकतात. म्हणजे शेजारच्या ताईच्या मुलाने बरोबर घेतलेला कोर्स तुमच्या मुलीच्या यादीत बसेलच असं नाही, दोघं एकाच कॉलेजात, एकाच मेजरला असले तरी. इंजिनीअरिंगवाल्यांनी तर आधी मेजरचे कोर्स आटपावेत की सामान्य शिक्षणाचे, हे कॅम्पस बघून ठरवायचं असतं, सीनियर बघून नव्हे.

आणि ‘ग्रेड वाईट आला तर परत घेऊ’ हा सीनियरांचा दिलासा इथे नेहमीच चालत नाही. सी किंवा वरचा ग्रेड मिळाला की तोच कोर्स जीपीए सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. मुदतीनंतर सोडलेल्या कोर्सचा ‘डब्ल्यू’ ट्रान्सक्रिप्टवर राहतो आणि प्रयत्नांत मोजला जातो. नववी-दहावीतच ‘फुकट आहे’ म्हणून कॉलेजचा कोर्स लावून देणाऱ्या आईबाबांनी हे आधी वाचावं: तो ग्रेड कॉलेजचा आहे, मुलासोबत कायम जातो.

जाता जाता: मुलाच्या वतीने तुम्ही फोन करून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. कॉलेजात नाव घातलं की नोंदींचा हक्क विद्यार्थ्याचा, तो पंधरा वर्षांचा असला तरी. संतापून उपयोग नाही. त्याच्या लेखी संमतीने जा, आणि बोलायचं काम त्याला करू द्या.

‘एच-फोरवाल्यांनी नाद सोडावा.’ हा दावा निव्वळ चुकीचा आहे. एच-फोरवर शिकायला आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) लागत नाही, किमान १२ युनिटांची सक्तीही नाही. एकच कोर्स संध्याकाळी घेतला तरी चालतो. कॅलिफोर्नियात एच-वन आणि एच-फोरवाल्यांना रहिवासी ठरता येतं. सत्र सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे द्यायचे: भाड्याचा करार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स. मग फी तीच ४६ डॉलर. वर्ष व्हायच्या आत गेलात तर कितीतरी पट जास्त लागते; मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर बहुधा तेवढंच पडलं असावं. फेडरल आर्थिक मदत मात्र मिळत नाही. प्रीस्कूल टीचर होण्यासाठी लागणारी बालशिक्षणाची १२ युनिट आपल्या कितीतरी जणी अशीच करतात. नोकरीला पुढे ईएडी (काम करायचा परवाना) लागतं, ते वेगळं.

मुलं एच-फोरवर असतील तर त्यांचं २१वं वर्ष डोळ्यांसमोर ठेवूनच प्लॅन आखा. त्या वाढदिवसाला एच-फोर संपतो, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं तर दर सत्राला किमान १२ युनिट घ्यावी लागतात, त्यात ऑनलाइन एकच कोर्स धरला जातो, आणि एफ-वनवर नव्याने रहिवासी होता येत नाही. याबद्दल कौन्सेलरला विचारू नका. ते व्हिसावर सल्ला देत नाहीत, आणि द्यायलाही नकोत. वकिलाची वेळ वेगळी घ्या, तीही विसाव्या वर्षी नव्हे, अठराव्या.