‘जुने संबंध म्हणजे जुनी उधारी’: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीनशॉप यांच्यातल्या जुन्या, विश्वासाच्या संबंधांवर मी लेख लिहिला होता. त्यावर ‘उद्यमबागेतले जुने संबंध म्हणजे जुनी उधारी, तिला तुम्ही विश्वासाचं गोंडस नाव दिलंत’, असं तुम्ही लिहिलंय. उधारीपुरतं पटतं. पण लेख मुख्यतः कास्टिंगबद्दल, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांबद्दल होता.

ब्लो होल म्हणजे अडकलेल्या गॅसने पडलेलं भोक, ते कास्टिंगच्या पोटात असतं. वाळूत ओल जास्त झाली, कोअर (आतली पोकळी तयार करणारा वाळूचा गाभा) नीट भाजला नाही किंवा गॅसला बाहेर पडायला वाट उरली नाही की ते होतं. फाउंड्रीतून निघताना माल चांगलाच दिसतो. मशीनशॉपमध्ये लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) वरचे दोन-तीन मिलिमीटर उतरले की भोक उघडं पडतं. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण वाया गेलेल्या टर्निंगची, म्हणजे लेथवरच्या कामाची मजुरी कुणी सोसायची? छोट्या ऑर्डरींत हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. जुना मशीनशॉपवाला तिसऱ्या-चौथ्या नगालाच मशीन थांबवून फोन करतो, फाउंड्रीवाला हीट नंबर (कुठल्या ओतकामातला माल ते सांगणारा क्रमांक) बघून त्या ओतकामाचा बाकीचा माल गेटवर अडवतो. ओळख नसली की शंभरच्या शंभर नग मशीनवरून काढून डेबिट नोट (नुकसानीची रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) पाठवली जाते आणि मग ‘तुमचंच सेटिंग चुकलं’ सुरू होतं. अट लिहून घेता येते हो, पण चौथ्या नगाला आलेला तो फोन कुठल्या अटीत बसवणार?

आता उधारी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, असं 2006 चा कायदा सांगतो. तरी पैसे अडलेच तर वसुलीचा दावा साधारण 3 वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी खातेउताऱ्यावर समोरच्याची सही मिळाली तर मुदत सहीपासून नव्याने मोजतात. म्हणून दर मार्चला सही घ्यावी. गाडं अडतं ते इथंच: वीस वर्षांची ओळख असलेल्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो. सगळ्यांकडून एकाच दिवशी मागितली की कुणाला टोचत नाही.

लेखात राहिलेला मुद्दा पॅटर्नचा, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्याचा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या गिऱ्हाइकाने पैसे मोजलेला पॅटर्न बेळगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं पडून असतो. कारभार मुलांकडे गेला की ‘हा आमचाच’ असं दोन्हीकडून ऐकू येतं. पॅटर्न नंबर, कोअर बॉक्स (कोअर बनवायचे साचे) किती, पैसे कुणी दिले आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली, एवढी यादी दोघांच्या सहीने दोन्ही ऑफिसांत ठेवावी, आणि मालकाचं नाव पॅटर्नवरच रंगवून घ्यावं.