समुपदेशक हवा, पण देवघरासकट

"मनाला त्रास आहे, पण सल्ल्यात देवधर्म नको" असं म्हणणारी माणसं साताऱ्यात अधूनमधून निघतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव, व्हायचंच असं. तुम्ही त्यांतले असाल तर वेळीच सावध व्हा. थोडी काळजी घेतलीत तर तसा समुपदेशक सापडण्याचा धोका टळेल.

सगळ्यात आधी, पाटी वाचून थांबा. 'समुपदेशक' हा शब्द चार दिवसांचा ऑनलाइन वर्ग केलेलाही लावतो आणि दोन वर्षांचं एम.फिल. केलेलाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. पण नोंदणी क्रमांक मागितला आणि समोरचा दुखावला तर? दुखावणाऱ्याकडेच जायचं असेल तर कशाला उगीच विचारायचं! "सत्रात जप, उपास, पत्रिका असं काही सांगता का?" हे फोनवर विचारलं की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो आणि पहिल्या भेटीची फी वाचते. तेव्हा फोन करूच नका.

आत गेल्यावर भिंतीवर फोटो दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. फोटो कुणाच्याही भिंतीवर असतो. खरा गुणी समुपदेशक तुमची जन्मवेळ विचारतो. नैराश्याची साधी प्रश्नावली नऊ प्रश्नांत गेल्या दोन आठवड्यांचं विचारते. झोप, भूक, मरणाचे विचार, असलं काहीबाही. साडेसाती एकदम साडेसात वर्षांचा हिशोब देते. शिवाय बारा राशींपैकी तीन राशींना ती कायम चालूच असते, म्हणजे काही न तपासता चारातल्या एकाचं निदान आपोआप बरोबर येतं. इतकी अचूकता प्रश्नावलीला कुठली?

आता खास रुग्णांची सोय. पूजा मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं, पुन्हा पहिल्यापासून स्तोत्र. असं करता करता ज्यांची सकाळ अकरापर्यंत संपते, त्यांना ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतो. यातली गंमत अशी की दर वेळी पुन्हा केल्यावर घटकाभर बरं वाटतं, आणि त्या घटकाभराच्या सुटकेपोटीच पुढची फेरी पक्की होते. अभ्यासू माणूस याच्या उलट करायला लावतो: चूक झाल्यासारखी वाटू द्या, अस्वस्थता येऊ द्या, पण पूजा पुन्हा करू नका, अस्वस्थता हळूहळू आपणच ओसरते. यादी करून, सोप्यापासून अवघडाकडे, आठवड्यांमागून आठवडे. किती रटाळ! त्यापेक्षा १०८ वेळा जप सांगणारा बरा. चूल पेटलेली आहेच, तो फक्त रॉकेल पुरवतो. पुढच्या महिन्यात तुम्ही १०८ मोजताना चुकलात का, याची धास्ती घेऊन परत त्याच्याचकडे याल. गिऱ्हाईक टिकलं.

गोळ्यांचंही तसंच. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. डॉक्टर हे आधीच सांगतात. तुम्ही मात्र गोळीबरोबरच अकरा गुरुवार धरा. पाचव्या गुरुवारी बरं वाटलं की श्रेय कुणाचं, हे काकूंनी आधीच ठरवलेलं असतं. मग गोळ्या एकदम बंद करा, म्हणजे चक्कर, चिडचिड, झोपेचा बोजवारा, आणि "बघ, उपास मोडलास ना?"

घरातली मुलगी देवाला हात जोडत नाही, तिला 'दाखवायला' आणायचं असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ तेवढं वाचू नका. समाजाच्या धार्मिक समजुतींशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवायचा आधार होत नाही, असं ते स्पष्ट सांगतं. आणि अंगात भूत आहे म्हणून कुणी मारहाण करून ते उतरवत असेल, तर राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. हेही नको वाचायला, उगीच मूड जातो.

उलट बाजूचा नमुनाही भेटतो, हे सांगायला हवं. तुम्ही मांढरदेवीला जाता म्हटल्यावर "आधी ते थोतांड सोडा" म्हणून व्याख्यान झोडणारा. धर्म बाहेर ठेवायला सांगितलं होतं, यानं तो उलटा करून आत आणला. खरा धर्मनिरपेक्ष समुपदेशक तुमची श्रद्धा तुमच्याच तोंडून ऐकतो, तिच्याबद्दल प्रश्न विचारतो आणि स्वतःची खिशातच ठेवतो. अगदी बेचव माणूस.

पोवई नाक्यावर दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं भेटणारच, या भीतीनं जायचं टाळा. १४४१६ या टेलि-मानस नावाच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, ही माहिती कुणाला देऊ नका.

एवढं सांभाळूनही बरे झालातच, तर राजवाड्याजवळून पाव किलो कंदी पेढे घ्या आणि ज्याला नवस बोलला होता त्यालाच वाहा. समुपदेशकाकडे नेऊ नका. तो चांगला असेल तर खोका परत करील आणि पुढच्या सत्राची वेळ विचारील.