गंगाधरपंत पुठ्ठ्याचे नाहीत

'नारळीकरांच्या विज्ञानकथांत विज्ञान भरपूर, माणसं मात्र पुठ्ठ्याची' हे जयंत नारळीकरांवरच्या तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. 'प्रेषित' किंवा 'व्हायरस' या कादंबऱ्यांबद्दल म्हणा हवं तर, भांडणार नाही. पण 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा? पानिपतावर विश्वासराव वाचले, १७६१ची लढाई मराठे जिंकले, अशा वेगळ्याच इतिहासात आमचे पुणेरी इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पडतात. आणि तिथे त्यांना काय खटकतं? आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे हे! न राहवून ते स्वतःच जाऊन बसतात, भाषण ठोकू पाहतात आणि वैतागलेल्या श्रोत्यांकडून मार खातात. पुण्यात व्याख्यानमाला ऐकत मोठा झालेला कोणीही या गृहस्थाला लांबून ओळखेल. मी तरी असे दोन-तीन दर वसंतात पाहतो.

आणखी एक. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली, आणि बक्षीस मिळवलं. लेखात हे एका ओळीत, गंमत म्हणून आलंय. केंब्रिजहून आलेला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ नावाशिवाय परीक्षकांसमोर उभा राहतो, ते कथा म्हणून ती टिकते का हे बघायला. नुसतं विज्ञान शिकवायचं असतं तर पाठ्यपुस्तक लिहिलं असतं की. तीही त्यांनी लिहिली, म्हणजे फरक त्यांना चांगलाच ठाऊक होता.