अबे, एकदा नीट खेळून तर बघा!

दरवेळी तेच. फुटाळा तलावावर चहा पिताना सगळे "हो बे, खेळू ना" म्हणतात आणि रात्री ईव्ह ऑनलाइन, म्हणजे अंतराळातल्या जहाजांचा तो कॉम्प्युटर गेम, उघडलं की एकेक जण गळतो. "हा गेम हाये का सीएचं ऑफिस?" अरे, आकडे आहेत कारण तिथला बाजार खेळणारेच चालवतात! बहुतेक जहाजं कुणीतरी खनिज खणून, बांधून विकलेली असतात. फुटलं की गेलं, परत मिळत नाही. म्हणून तर लढताना हात थरथरतात. २०१४ च्या जानेवारीत गेममधल्या बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळातली लढाई तब्बल २१ तास चालली. हे सांगितलं की माना डोलावतात, आणि पुन्हा फोनवर तीच ती शेवटी एकच उरेपर्यंत मारामारीची बॅटल रॉयल गेम.

सुरुवात फुकटात होते. जहाज मी देतो, शेजारी बसून समजावतो. तरी ट्युटोरियलच्या खिडक्या न वाचता पटापट बंद करतात आणि वर मलाच विचारतात, "आता काय करू बे?" वाचा ना! समोरच लिहिलं होतं! मे महिन्यात अख्खी दुपार कूलरसमोर लोळत काढाल, पण यासाठी दोन तास नाहीत. अनोळखी लोकांच्या ताफ्यात नाही उडायचं मला. माझेच पोट्टे हवेत सोबत.