दिवे कोणी लावले बे?

आज साडेबाराचा शो टाकला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आपण नागपूरकर मे महिन्यात भरदुपारी थिएटरात काऊन जाऊन बसतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही, अर्धं तिकीट पिक्चरचं असते आणि अर्धं एसीचं. भाचा सोबत होता. पोट्टं आठवडाभरापासून आईचा मोबाइल हातात घेत नव्हतं, कारण कोणाच्या तरी स्टेटसवर काहीतरी दिसून जाईल. (पिक्चरचं नाव मीही लिहीत नाही, तुमच्यातले अर्धे रविवारी जाणार आहेत, मग मलाच शिव्या घालाल.)

पिक्चर संपला, पहिलं नाव पडद्यावर आलं, आणि खाडकन सगळे दिवे. सगळे म्हणजे सगळे. त्या उजेडात पडदा इतका फिका पडला की नावं वाचायचं सोडा, काहीतरी वर सरकून राहिलं एवढंच कळत होतं. मग खालचं दार उघडलं, बाहेरचा पॉपकॉर्नच्या मशीनचा आवाज आत आला आणि काळ्या पिशव्या घेतलेली दोन पोरं पायऱ्या चढून वर. थिएटरात उरलो कोण, तर आम्ही दोघं, मागे कॉलेजचं एक टोळकं आणि कोपऱ्यात एक काका, जे मला वाटते इंटरव्हलपासून झोपले होते. "सर, जरा पाय वर घ्या ना." घेतले. माझ्या सीटखालून कोणाचे तरी नाचोज निघाले. भाचा डोळ्यांच्या बाजूने दोन्ही तळवे लावून, उजेड अडवत, पडद्याकडे पाहत बसला होता. आणि अर्धी नावं बाकी असताना पडदा काळा. त्यावर एका ज्वेलर्सची स्लाइड. झालं.

बाहेर जाऊन मॅनेजरला विचारलं तर तो म्हणतो, "सर, नेक्स्ट शो आहे." म्हटलं, भाऊ, नावं संपल्यावर येणारा शेवटचा सीन राहिला ना. तर म्हणे, "सर, तो तर नेटवर येऊन जाते ना दोन तासांत."

हे ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. अरे, तूच पिक्चरच्या आधी मला दम देतो ना पायरसीचा? २०२३ मध्ये कायदा बदलला, थिएटरात रेकॉर्डिंग केलं तर तीन महिने ते तीन वर्षं आत, वरून कमीत कमी तीन लाख दंड. आणि आता तूच मला सांगून राहिला की घरी जा आणि कोणीतरी चोरून काढलेली हलती क्लिप पाह, जिच्यात पुढच्या माणसाचं टक्कल दिसते. मग मी तिकीट कायले काढलं बे?

जुने मित्र म्हणतील, झाला याचा शवर्मा सुरू. हो, सुरू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

२०१२. पहिला ॲव्हेंजर्स, मार्व्हल कंपनीचा तो सगळे सुपरहिरो एकत्र आणणारा पिक्चर. आपल्याकडे २७ एप्रिलला आला, अमेरिकेत ४ मेला. म्हणजे खुद्द त्यांच्या पिक्चरला आपण त्यांच्या एक आठवडा आधी! माझा आतेभाऊ तेव्हा नुकताच न्यू जर्सीला गेलेला, आणि फोनवर रोज आमच्याकडे हे असं आणि आमच्याकडे ते तसं. मी पहिल्याच दिवशी पिक्चर पाहिला आणि रात्री त्याला फोन लावला, म्हटलं दादा, तू बस वाट पाहत, नागपूरने पाहून टाकला. काय आनंद होता महाराज त्या एका वाक्याचा. पुढच्या आठवड्यात त्याने पाहिला आणि त्याचा फोन. "काय बे, शवर्मा कसा वाटला?"

कोणता शवर्मा?

"अरे, सगळ्यात शेवटी. सगळे ॲव्हेंजर्स दमून भागून हॉटेलात बसून गपचूप शवर्मा खातात ना." मी म्हटलं असा सीनच नाही. तो म्हणतो आहे. मी म्हणतो नाही. नावांच्या मध्येच तो थॅनॉसवाला, म्हणजे पुढच्या व्हिलनवाला सीन होता, तो मी पाहिला, त्यानंतरही पार शेवटच्या अक्षरापर्यंत बसलो होतो, पडदा पांढरा होईपर्यंत. तर साहेब काय म्हणाले? "तुम्ही लोक नावं सुरू झाली की पार्किंगकडे पळता, तुम्हाला काय दिसणार." तुम्ही लोक! जर्सीत जाऊन वर्ष नाही झालं आणि आम्ही 'तुम्ही लोक' झालो.

नंतर खरं काय ते कळलं. तो सीन शूटच झाला होता तिकडचा प्रीमियर होऊन गेल्यावर, आणि लावला फक्त अमेरिकेतल्या प्रिंटला. आपली प्रिंट तोपर्यंत निघून गेली होती. कॅप्टन अमेरिका झालेल्या क्रिस इव्हान्सने दुसऱ्या पिक्चरसाठी दाढी वाढवलेली, म्हणून त्याच्या जबड्यावर नकली चामडी चिकटवली आणि तो सीनभर गालावर हात ठेवून बसला आहे, नीट पाहा कधी. मी हे सगळं आतेभावाला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ओके." बस. ओके!

तर मुद्दा असा की पिक्चर लवकर मिळाला याचा माज करायचा आणि शेपूट मात्र कापून मिळायचं, हे आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे. फक्त तेव्हा ते कंपनीने केलं होतं, आता आपलेच थिएटरवाले करून राहिले.

आणि तारखेचं कौतुक तर विचारूच नका. पूर्वी शुक्रवार म्हणजे शुक्रवार होता. आता पठाण बुधवारी, जवान गुरुवारी, टायगर ३ तर थेट लक्ष्मीपूजनाच्या रविवारी, घरी पूजा सोडून कोण जाते भाऊ, पण गेले, लोक गेले. गेल्या वर्षी थंडरबोल्ट्स आपल्याकडे १ मेला, महाराष्ट्र दिनाची सुट्टी पाहून, अमेरिकेच्या एक दिवस आधी. टॉम क्रूझचा शेवटचा मिशन इम्पॉसिबल १७ मेला, शनिवारी, तिकडे २३ला. २०१८ मध्ये ॲव्हेंजर्सच्याच इन्फिनिटी वॉरच्या वेळी अमेरिकेनेच स्वतःची तारीख आठवडाभर अलीकडे ओढली, ४ मेची २७ एप्रिल केली, कारण बाकी जग आधी पाहून सगळं फोडून टाकते. बरोबरच केलं. मी असतो तर मीही केलं असतं, न्यू जर्सीवाले सोडून.

आता एवढं सगळं कशाच्या जिवावर चालते? आता रिळं राहिली नाहीत. पिक्चर सर्व्हरवर चढवतात आणि तो उघडायला वेगळी डिजिटल किल्ली येते, ती ठरलेल्या तारखेच्या ठरलेल्या वेळेआधी चालतच नाही. म्हणजे सुरुवात मिनिटाच्या हिशोबाने सांभाळता. त्याच सर्व्हरवर प्लेलिस्ट असते आणि दिवे कोणत्या मिनिटाला लावायचे तेही तिच्यातच भरून ठेवता येते. म्हणजे आज दिवे चुकून लागले नाहीत, कोणीतरी आरामात खुर्चीवर बसून ती वेळ भरली आहे. सुरुवातीला राष्ट्रगीत, सगळे उभे. मग सिगारेटचा इशारा. मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट, त्याच्यावर पिक्चरची लांबी मिनिटांत लिहिलेली असते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि मग त्यातली शेवटची सात-आठ मिनिटं तुम्ही खिशात घालता. दुकानदाराने किलोला नऊशे ग्रॅम दिलं तर आपण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गोंधळ घालू की नाही?

हं, आता तुम्ही म्हणाल की निम्मे सीन भंगार असतात. मान्य. स्पायडरमॅन होमकमिंगला पार शेवटपर्यंत बसवून ठेवलं आणि कॅप्टन अमेरिका येऊन आपल्यालाच धीर धरण्यावर लेक्चर देऊन गेला. ॲव्हेंजर्स एंडगेमला तर सीनच नव्हता, नुसता आयर्न मॅनच्या हातोड्याचा ठण ठण आवाज, आणि तेवढ्यासाठी माझी बायको अजून टोमणे मारते. पण तो आवाज ऐकून मला जे झालं ते माझं मला. भंगार आहे की नाही ते पाहून मी ठरवीन ना, झाडूवाला येऊन काऊन ठरवेल?

झाडूवाला म्हटलं खरं, पण त्या पोराचा काही दोष नाही, हे लिहायलाच पाहिजे. मी मॅनेजरशी हुज्जत घालत असताना त्यातला एक बाजूला उभा होता, विशीचाही नसेल. मग जिन्याशी येऊन भाच्याला हळूच म्हणे, "तो सीन असा असा होता," आणि हातवारे करून सगळा करून दाखवला, डायलॉगसकट. सकाळच्या शोला कोणी बंद केला नसेल तेव्हा पाहिला म्हणे. मी विचारलं पिक्चर कसा वाटला तुला? तर हसला. "पिक्चर नाही पाहिला सर. मी सगळ्या पिक्चरचे शेवटच पाहिलेत." दोन शोच्या मध्ये पंधरा मिनिटं, तेवढ्यात पूर्ण हॉल झाडायचा, बाहेर लोक पॉपकॉर्न घेऊन उभे, उशीर झाला की बोलणी यालाच. त्याने काय करावं? पाच मिनिटं जास्त ठेवली तर दिवसभरात एक शो कमी होईल अशी भीती वरच्यांना, आणि धावपळ खालच्यांची.

भाचा एकदम खूश होता बरं का. त्याच्या मते पडद्यापेक्षा यानेच भारी केला. माझा राग तिथे अर्धा उतरला, मग पार्किंगचे पैसे देताना परत चढला.

एक कळत नाही, लोकांना एवढी घाई असते कशाची? शेवटची मेट्रो पकडायची आहे, ठीक. वय झालं, बाथरूमला जायचं आहे, ठीक. पण साडेबाराच्या शोवरून सव्वातीनला बाहेर पडून त्या उन्हात जायचं कुठे असते तुम्हाला? पंचशील, जानकी, लिबर्टीच्या काळातही 'दी एन्ड'ची पाटी यायच्या आधी सायकल स्टँडकडे पळणारे होतेच म्हणा, आमचे बाबा त्यातलेच. पण सैराट आठवा. तोही उन्हाळ्यातलाच, २९ एप्रिल २०१६. शेवटी आवाजच काढून घेतला होता. मी पाहिला त्या शोला एक माणूस उठला नाही, दार उघडलं तरी. तिथे कोणता हिरो येऊन पुढच्या भागाची जाहिरात करणार होता? काही नाही. फक्त बसायला वेळ पाहिजे होता. तसाच वेळ मी मागून राहिलो, मग त्यात शवर्मा असो नाहीतर नसो. आणि हल्ली त्या लांबलचक नावांत व्हीएफएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं बनवणाऱ्यांच्या यादीत देशपांडे, वानखेडे, पाटील दिसतात, रात्र रात्र जागून ती आग आणि त्या इमारती त्यांनीच बनवल्या असतात. त्यांच्या आईने कुठे पाहायचं ते नाव? दिव्यांच्या उजेडात?

मार्व्हलवाल्यांनी ही सवय लावली २००८ मध्ये, आयर्न मॅनच्या शेवटी, नावं संपल्यावर, ॲव्हेंजर्सची टोळी जमवणारा निक फ्युरी आला तेव्हा. आयपीएलही त्याच उन्हाळ्यातलं, दोन्ही व्यसनं सोबतच लागली. पण आधीही असे सीन होते. १९८६ च्या फेरिस ब्युलर्स डे ऑफमध्ये हिरो नावं संपल्यावर येतो आणि प्रेक्षकांनाच म्हणतो, अजून इथेच? संपला पिक्चर, घरी जा. आजच्या मॅनेजरने हा सीन मात्र नक्की पूर्ण दाखवला असता.

अजून एक गंमत. त्यांचा समर ब्लॉकबस्टर जुलैतही असतो. गेल्या वर्षी सुपरमॅन ११ जुलैला, फॅन्टॅस्टिक फोर २५ला. तेव्हा आपल्याकडे नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या, आणि पोस्टरवर लिहिलं असते या समरला! विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात तरी पुरत नाही. आणि खऱ्या उन्हाळ्यातला जो मोठा होता, ॲव्हेंजर्स डूम्सडे, आधी १ मे २०२६ ला लावला होता, तो ढकलला १८ डिसेंबरला. डिसेंबर म्हणजे नागपुरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, बॅरिकेड, अर्धी बर्डी बंद. अधिवेशन तेव्हा चालू असलं तर थिएटरपर्यंत पोचायलाच पास लागेल बहुतेक.

त्यात आतेभाऊ डिसेंबरात येऊन राहिला, सहकुटुंब. आताच मेसेज आला, यावेळी आपण सोबतच पाहू, नागपुरात. मी सरळ लिहिलं की दादा, पाहू, पण तिकीट मी काढीन आणि तू शेवटपर्यंत जागचा हलायचा नाही. त्याने उलट विचारलं, "तुमच्याकडे पूर्ण दाखवतात का?"

म्हणून ही पोस्ट. नागपुरातलं असं कोणतं थिएटर आहे जिथे शेवटचं अक्षर जाईपर्यंत दिवे लावत नाहीत, ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी सांगा. ऐकीव नको, स्वतः बसून पाहिलेलं असेल तरच. आणि ज्याने कमेंटमध्ये आजचा सीन लिहिला त्याला मी ब्लॉक करणार, मग तो सख्खा मेहुणा का असेना.