'नंबर टाका आणि घरच्यांचा फोन बघा' या मेसेजमधला एकेक दावा तपासून बघूया

एक मेसेज परत फिरायला लागलाय, रूप थोडं थोडं बदलतं पण मजकूर तोच. "प्रत्येक आईवडिलांकडे हे ॲप हवंच, मुलं सुरक्षित राहतात, पूर्णपणे फ्री, फक्त मोबाईल नंबर टाका आणि मुलं कुठे आहेत ते लाईव्ह बघा, त्यांचे मेसेज, कॉल, फोटो सगळं तुमच्या फोनवर, ॲप लपलेलं राहतं त्यामुळे त्यांना कळणारही नाही, माहिती फक्त तुम्हालाच दिसते, आणि घरचीच माणसं असल्यामुळे परवानगीची गरज नाही." खाली लिंक. ओळखीतले बरेच जण हा मेसेज पाठवून मला विचारतात की टाकू का, आणि विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो, पोरगी वेळेत घरी आली नाही की जीव खालीवर होतो, कुणाचा होत नाही? म्हणूनच सविस्तर लिहितेय, कारण यातला जवळपास प्रत्येक दावा एकतर खोटा आहे नाहीतर अर्धवट, आणि ज्याच्या काळजीपोटी आपण हे करायला जातो त्यालाच ते भोगावं लागतं.

"फक्त नंबर टाका, लोकेशन दिसेल"

नाही दिसणार. फोन कुठल्या टॉवरच्या टप्प्यात आहे हे मोबाईल कंपनीला कळतं कारण त्याशिवाय नेटवर्कच चालत नाही, पण ती माहिती नंबर टाकायला सांगणाऱ्या कुठल्याही फ्री ॲपला मिळत नसते. आणि जीपीएस म्हणाल तर फोनमधला जीपीएस उपग्रहांचे सिग्नल नुसते ऐकतो, स्वतः कुणाला काही पाठवत नाही. जागा दुसऱ्याला दिसायची असेल तर त्याच फोनमधल्या एखाद्या ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली हवी आणि इंटरनेट चालू हवं. नंबर टाकल्यावर गोल फिरणारं चक्र दाखवून "शोधत आहोत" म्हणणाऱ्या साईट बघितल्या असतील, त्या शेवटी "आधी व्हेरिफाय करा" म्हणून सर्व्हे भरायला लावतात, आणखी एखादं ॲप उतरवायला लावतात नाहीतर कार्डची माहिती मागतात. काही ॲप नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून देश किंवा विभाग दाखवतात, ते लोकेशन नव्हे, तो नंबर कुठला आहे एवढंच ते सांगतंय.

आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक, त्यावरून शोधून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. तो १५ आकडी नंबर मोबाईल कंपनीच्या कामाचा. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून तर साध्या ॲपला ते ज्या फोनमध्ये आहे त्या फोनचासुद्धा आयएमईआय वाचता येत नाही, दुसऱ्याचा फोन शोधणं लांबच राहिलं.

"ॲप लपलेलं राहतं, त्यांना कळणार नाही"

हा दावा तांत्रिकदृष्ट्या खरा असू शकतो, म्हणूनच जास्त घातक आहे. असं ॲप बसवायला तो फोन काही मिनिटं हातात लागतो, लॉक माहीत असावं लागतं, आणि मग सूचना येतात की प्ले स्टोअरच्या बाहेरून फाईल उतरवा, प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप पकडणारी गूगलची सोय, बंद करा, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्या, ॲपला डिव्हाइस ॲडमिन करा, म्हणजे फोनवर जादा अधिकार द्या. आता ॲक्सेसिबिलिटी ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा हाताने फोन वापरता येत नाही अशा लोकांसाठी आहे, त्यात ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबता येतात. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, ते एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात, असतात, म्हणून ही ॲप थेट स्क्रीनवरून किंवा नोटिफिकेशनमधून उचलतात. म्हणजे मेसेज वाचता येतात तसा बँकेचा ओटीपीपण वाचता येतो. आणि प्ले प्रोटेक्ट बंद केल्यावर त्या फोनमध्ये उद्या दुसरं काही घुसलं तर ते पकडणारं कोणी उरलेलं नसतं. मुलाचं रक्षण करायचं म्हणून त्याच्या फोनचं संरक्षण आपणच काढून टाकायचं, याचा अर्थ काय?

प्ले स्टोअरवर अशी ॲप का मिळत नाहीत तेही बघा. ऑक्टोबर २०२० पासून गूगलचा नियम आहे की नजर ठेवणारं ॲप हेरगिरीचं म्हणून विकायचं नाही, लपवायचं नाही, ते चालू असताना कायम नोटिफिकेशन दिसलं पाहिजे. पालक मुलांसाठी वापरू शकतात, पण नवरा किंवा बायको यांच्यावर वापरायला परवानगी नाही, त्यांना माहिती असली, त्यांची संमती असली तरीही नाही.

"पूर्णपणे फ्री"

सर्व्हर फुकट चालत नाहीत. लाखो फोनचं लोकेशन दर काही मिनिटांनी साठवायला खर्च येतो, तो कुठून तरी निघतो, आणि बऱ्याचदा तो त्या लोकेशनमधूनच निघतो. हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. लाईफ३६० हे घराघरात वापरलं जाणारं, उघडपणे चालणारं, नावाजलेलं ॲप आहे, चोरून बसवायचं नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'द मार्कअप' या संस्थेने छापलं की ते साधारण डझनभर डेटा ब्रोकरांना, म्हणजे लोकांची माहिती विकत घेऊन पुढे विकणाऱ्या कंपन्यांना, युजरचं अचूक लोकेशन विकत होतं, तेव्हा त्याचे ३ कोटी ३० लाख युजर होते आणि त्यात मुलं होती. बातमीनंतर, जानेवारी २०२२ मध्ये, कंपनीने हे थांबवणार असल्याचं सांगितलं. २०२० मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडवरची ४६ पालक-नियंत्रण ॲप तपासली, तर ७२ टक्के ॲप जाहिरात आणि ॲनालिटिक्सवाल्यांसारख्या तिसऱ्याच कंपन्यांना डेटा देत होती आणि प्रायव्हसी पॉलिसीत त्यांचा उल्लेख नव्हता. ही प्ले स्टोअरवर उघडपणे मिळणारी ॲप. लिंकवरून येणाऱ्या बिननावाच्या ॲपची पॉलिसी तर वाचायलाही नसते.

"माहिती फक्त तुम्हालाच दिसते"

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण इतक्या वेळा हे खोटं ठरलंय तरी तेच वाक्य परत परत लिहिलं जातं. २०१८ च्या मे महिन्यात टीनसेफ या ॲपचे सर्व्हर पासवर्डशिवाय उघडे सापडले, त्यात मुलांचे ॲपल आयडी आणि त्यांचे पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवलेले होते, दहा हजारांहून जास्त नोंदी, आणि हे ॲप वापरायचं तर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, बंद ठेवावं लागायचं, म्हणजे पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला अडवायला काहीच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फॅमिली ऑर्बिटचे २८१ जीबी फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या माणसाला पोचण्यासारखे निघाले, हे ॲप आईवडिलांनी मुलांच्या फोनमध्ये त्यांच्या सुरक्षेसाठीच टाकलेलं होतं. मार्च २०१९ मध्ये फॅमिली लोकेटर नावाच्या ॲपचा डेटाबेस उघडा सापडला, २ लाख ३८ हजारांहून जास्त लोकांचं लोकेशन, सोबत त्यांनी स्वतः नावं देऊन ठेवलेल्या जागा. विचार करा, कोणाचं घर कुठलं आणि कामाची जागा कुठली हे लेबल लावून ठेवलेलं आणि दाराला कडीच नाही.

एमस्पाय या पाळतीच्या ॲपमधून २०१५, २०१८ आणि २०२४ अशी तीनदा माहिती बाहेर आली. तसलंच लेटमीस्पाय २०२३ च्या जूनमध्ये हॅक झालं आणि दोन-अडीच महिन्यांत बंदच पडलं. पीसीटॅटलटेल २०२४ च्या मे महिन्यात तसंच हॅक होऊन बंद पडलं. यादी याहून मोठी आहे. आणि बघा, ज्याच्या फोनमध्ये हे बसवलंय त्याला ते माहीतच नसतं, त्यामुळे डेटा फुटल्यावरही त्याला कळत नाही की आपला पासवर्ड बदलायला हवा. लपवण्याची किंमत ही अशी मुलाने मोजायची.

"घरचेच आहेत, परवानगी कशाला"

लहान मुलांच्या बाबतीत पालकांना अधिकार असतात हे मान्य, पण सज्ञान माणूस, मग तो नवरा असो, बायको असो, कॉलेजात गेलेला मुलगा असो नाहीतर म्हातारी आई, त्याच्या फोनमध्ये गुपचूप असं काही टाकणं हा बऱ्याच देशांत गुन्हा ठरू शकतो, नातं सांगून सुटका होत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२१ मध्ये स्पायफोन या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळत ठेवणाऱ्या ॲपच्या धंद्यातूनच बाहेर काढलं, जमवलेला डेटा पुसायला लावला आणि ज्यांच्या फोनमध्ये ते होतं त्यांना कळवायला लावलं. 'मुलांसाठी' म्हणून विकलेलं हेच ॲप जोडीदारावर पाळत ठेवायला वापरलं जातं, आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे बाई मदतीसाठी कुणाला फोन करते, कुठे जाते, हे मारणाऱ्याला आयतं कळतं. यासाठीच २०१९ मध्ये अँटीव्हायरस कंपन्या आणि कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन आघाडी उभी केली. तेव्हा हा मेसेज पुढे पाठवताना तो कोणाच्या हातात पडेल हे आपल्याला माहीत नसतं.

"मुलं सुरक्षित राहतात"

खरा मुद्दा हा. नकाशावरचा ठिपका फोन कुठे आहे ते सांगतो, पोरगं कुठे आहे ते नाही, कोणासोबत आहे आणि घाबरलेलं आहे का हे तर नाहीच. हुशार मुलं फोन मित्राच्या दप्तरात ठेवून जातात, दुसरा जुना फोन वापरतात, दुसरं अकाउंट काढतात. मुलांनी स्वतः अशा ॲपबद्दल प्ले स्टोअरवर लिहिलेली ७३६ मतं २०१८ मध्ये एका अभ्यासात तपासली गेली, लिहिणारी ८ ते १९ वयाची, त्यातल्या ७६ टक्के मतांत ॲपला एकच स्टार होता, आणि आईवडिलांशी नातं बिघडलं हे त्यांच्या लिहिण्यात दिसत होतं.

एखाद्या मुलीला कोणीतरी तिच्या फोटोवरून धमकावतंय असं समजा. मला वाटतं तिला वाचवणारी गोष्ट एकच, ती त्याच रात्री आईकडे येऊन सांगू शकते. आई आपले मेसेज चोरून वाचते हे तिला एकदा कळलं, आणि ते कळतंच, की ती येणार नाही, ती अजून लपवायला शिकेल.

मग काहीच करू नये का? करा की, पण सांगून करा आणि फोनमध्ये आहे तेच वापरा. छोट्या मुलांना गूगलचं फॅमिली लिंक किंवा आयफोनचं फॅमिली शेअरिंग आणि स्क्रीन टाईम पुरतं, त्यात ॲपला मंजुरी, वेळेची मर्यादा, लोकेशन सगळं येतं आणि मुलाला ते दिसत असतं. मोठ्या मुलांशी ठरवून घ्या की रात्री उशीर होणार असेल तर व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन टाकायचं, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास, नंतर ते आपोआप बंद होतं. आणि तुमचंही त्यांना पाठवा, एकतर्फी नको. वयस्कर आईवडिलांसाठी गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग बरं, बॅटरी किती उरली तेही दिसतं, फक्त त्यांना विचारून चालू करा, त्यांच्या मागे नाही. हरवलेला फोन शोधायला तर वेगळं ॲप लागतच नाही, गूगल आणि ॲपल दोघांची सोय फोनमध्येच असते.

आणि आपल्याच फोनमध्ये कोणी काही टाकलंय अशी शंका असेल तर अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्ले प्रोटेक्ट चालू आहे का बघा, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा, आयफोनवर आयओएस १६ पासून सेफ्टी चेक आहे, त्यात आपली माहिती कोणाला दिसतेय ते बघून बंद करता येतं. पण ज्याने टाकलंय त्याची भीती वाटत असेल तर घाईने काढू नका, काढल्याचं त्याला लगेच कळू शकतं आणि पुरावाही जातो. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून मदत करणाऱ्या संस्थेशी बोला, स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, आणि पासवर्डसुद्धा त्या दुसऱ्या फोनवरूनच बदला, कारण तुमच्या फोनवर टाईप केलेलं अक्षर न् अक्षर तिकडे दिसत असू शकतं.